६७ ची स्टिंग रे: टाकीवरचा कागद हाती लागला आणि लाल पट्टीचा बेत बिघडला

अखेर १९६७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रेची इंधनाची टाकी उतरवली. आधी स्टेपनीचा टब, मग सायलेन्सर, मग इंधनाचा पाइप आणि गेजची वायर, शेवटी टाकीचे पट्टे. जॅकवर फळी ठेवून टाकी थोडी खाली घेतली की वर चिकटवलेला कागद टॉर्चने वाचता येतो. गाडीवर काय काय बसवायचं याची नोंद असलेला सेंट लुईस कारखान्याचा हा कागद कडांनी गंजात विरलाय, पण ऑप्शनचा रकाना शाबूत आहे. तिथे क्यूबी१ (लाल पट्टीचे टायर) नाही, पी९२ (पांढऱ्या पट्टीचे) आहे. म्हणजे गाडी कारखान्यातून पांढऱ्या पट्टीवर निघाली, आणि रॅकवर लाल पट्टीचे पाच ७.७५-१५ नायलॉन टायर पडून आहेत.

गुणांचं नुकसान नाही. एनसीआरएस ही कॉर्व्हेट जपणाऱ्यांची अमेरिकी संस्था; गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे तपासून गुण देणाऱ्या तिच्या फ्लाइट जजिंगला त्या वर्षी कारखान्यातून मिळणारा ऑप्शन चालतो, टाकीचा कागद कोणी मागत नाही. पण कागद स्वच्छ वाचता येत असताना त्याच्याविरुद्ध टायर घालायचे, हे काही पटत नाही.

तरी खरी डोकेदुखी पट्टीच्या रंगाची नाही, तपकिरी डागांची आहे. पाचपैकी तीन टायरांवर लाल पट्टीच्या कडेला चहा सांडल्यासारखी छटा आली आहे. टायर कधी रिमवर चढलेलेही नाहीत. काळ्या रबरात ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून जे रसायन घालतात, ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं. काळ्यावर दिसत नाही, रंगीत रबरात उतरलं की तपकिरी होतं. पट्टीभोवती डाग न सोडणारं रबर नीट घातलेलं असेल तर ते अडतं. त्यात विक्रेत्याने टायर रचले होते ते पट्टीवर काळी बाजू टेकवून. पट्टीला पट्टी लावून मध्ये कागद घालावा, ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे.

डाग वरचा की आतला, हे आधी ठरवा. कोमट पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश, बस्स. नव्या टायरवरचा निळा थरही यानेच जातो. तो उन्हात वाळू देऊ नका. डाग राहिला तर पाण्यात भिजवलेला २२० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून पट्टीच्या दिशेने हलके चार-पाच हात, मग ४००. रंगीत थर पातळ असतो, जोर लावला की खालचं काळं उघडं पडतं आणि टायर गेला. ब्लीच नको, रबर कडक होतं. पेट्रोलियमवाली टायर पॉलिश तर लांबच ठेवा, ती तपकिरीपणा आणखी ओढून आणते.

या उपायाने दोन टायर लख्ख झाले. तिसऱ्यावर दोन आठवड्यांत छटा परत आली, तीही आतल्या कडेकडून. तो आतला डाग, घासून जाणार नाही.

डीओटीच्या, म्हणजे अमेरिकी परिवहन खात्याच्या, टायरवरच्या शिक्क्यावर फार वेळ घालवू नका. अमेरिकेत टायरचा सुरक्षा मानक १०९ हा १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला, त्यामुळे ६७ च्या गाडीवर तो शिक्का शोभत नाही. पण आज रस्त्यासाठी विकायचा टायर त्याशिवाय निघत नाही. जजिंगमध्ये गुणांची जी वजावट होईल ती सोसायची. ग्राइंडरने शिक्का उडवणं म्हणजे साइडवॉल मुद्दाम कमकुवत करणं, वर खूण राहते ती वेगळीच.

जुन्या घडणीच्या नायलॉन (बायस-प्लाय) टायरांऐवजी लाल पट्टीचे आजच्या घडणीचे रेडियल घ्या, असा सल्ला बरेच देतात. २०५/७५आर१५ चा व्यास सुमारे २७.१ इंच, म्हणजे उंचीत फारसा फरक नाही. पण साइडवॉलची फुगीर घडण लगेच ओळखू येते. चालवायला चार रेडियल ठेवा, जजिंगला पाच नायलॉन, एकाच ब्रँडचे, स्टेपनीसकट. एका गाडीवर दोन्ही जाती मिसळायच्या नाहीत.

आता पी९२ चा संच मागवायचा. मागवून लगेच चढवायचा, असं ठरलं होतं, पण हे लिहितानाच सुचलं: पांढऱ्यावर तर तपकिरी छटा दुप्पट दिसेल. म्हणून पाचही टायर न चढवता दोन आठवडे उन्हात उभे ठेवायचे, रोज पट्टीची कड बघायची. रिमवर चढलेला टायर बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, न चढवलेला घेतात. परत करण्याची मुदत मागवतानाच लेखी घ्यायची. तोवर दोन लख्ख लाल टायर कागदात गुंडाळून, पट्टीला पट्टी लावून.