कांद्याचा पाल्हाळ

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते ठीक, पण परवा दुपारी मला चक्क त्याचा हेवा वाटला. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं आणि या गोळ्याकडे जवळपास १६ अब्ज! करायचं काय त्याला एवढ्याचं?

कॅनडातले उत्क्रांतीशास्त्रज्ञ टी. रायन ग्रेगरी यांनी हाच प्रश्न इतरांपुढे टाकला. जीनोममधला, म्हणजे डीएनएच्या अख्ख्या संचातला, तुकडा न् तुकडा कामाचा आहे असं ज्याला वाटतं, त्याने आधी सांगावं की कांद्याला आपल्या पाचपट डीएनए कशाला लागतो. ही 'कांदा-कसोटी'. भल्याभल्या सिद्धांतांना भाजीच्या टोपलीत आणून बसवायची ही रीत मला फार आवडते.

शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी होती. परीक्षेत तासाभरातच तिचा हात वर, "सर, पुरवणी!" आमचे हातपाय गार. आपल्याला माहीत नाही असं काय लिहीत असेल ही? पुढे एकदा तिचा पेपर हाती आला. एकच उत्तर, फिरवून फिरवून तीनदा. तेव्हापासून जाड पुस्तक दिसलं की मी आधी शेवटचं पान उघडते. कांद्याचीही पुरवण्यांचीच गत. त्यातला बराचसा डीएनए म्हणजे स्वतःच्याच प्रती काढत सुटलेले तुकडे.

ग्रेगरींनी मात्र हा पाल्हाळच आयुष्यभराचा विषय केला. पेशींना असा रंग द्यायचा की डीएनए किरमिजी दिसावा, मग तो किती गडद झाला ते मोजायचं आणि माप ठाऊक असलेल्या पेशीशी ताडून बघायचं. प्राण्यांमागून प्राणी, वर्षांमागून वर्षं. २००१ मध्ये त्यांनी या मापांचा डेटाबेस सर्वांना खुला केला. उपयोग काय, असं त्यांना कितीजणांनी विचारलं असेल!

पण गंमत अशी की या पुरवण्या निरर्थक असल्या तरी बिनवजनाच्या नसतात. जीनोम वाढला की पेशीही फुगते. सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचा जीनोम अवाढव्य, त्याच्या पेशीही ऐसपैस. हमिंगबर्डला पंख मारत हवेत तरंगायचं, त्याला ऑक्सिजनची घाई, आणि छोट्या पेशीत तो झटकन पोचतो. पक्ष्यांतले सर्वांत छोटे जीनोम त्याच्याच कुळात सापडले.

आणि २०२४ मध्ये सर्वांत मोठा जीनोम सापडला तो पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या एका लहानशा नेच्यात (फर्नमध्ये). १६० अब्ज अक्षरं.

असू देत. त्याला कुठे उडायचंय!