पाणी अपडेट: रोस्टरची माफी आणि दोन बाटल्यांची गोष्ट

तर मंडळी, आधी माफी. मागच्या दोन अपडेटमध्ये त्या चिकमगळूरच्या वॉश्ड एस ७९५ कॉफीला (अरेबिकाची एक जात, बिया धुऊन वाळवलेली) मी "पुठ्ठ्याचा काढा" म्हटलं होतं आणि रोस्टरला, म्हणजे बिया भाजून देणाऱ्याला, नाही नाही ते बोललो होतो, ते सगळं मागे घेतो. बीन्स मस्त आहेत. पाणी गंडलं होतं, आणि गंडवणारा अर्धा मी, अर्धा फोंड्याचा पाऊस.

जूनपासूनची माझी रड तुम्हाला माहीतच आहे. १५ ग्राम कॉफीला २५० पाणी, ब्लूम (आधी थोडं पाणी ओतून थांबणं) ४५ चा, व्ही६० (कॉफी गाळायचा कोन) तोच, कागद तोच, तरी कपात ना आंबटपणा ना गोडवा, नुसतं सपाट, वर जिभेवर खडूसारखं काहीतरी. मग मी काय काय केलं विचारू नका. ग्राइंड २४ वरून २८ क्लिक, पाणी ९४ वरून ८८, दोन पोअर, पाच पोअर, एकदा तर ग्राइंडरचे बर (दळणारी पाती) धुऊन वाळवून परत लावले. (पावसाळ्यातला एकच फायदा, हवेत इतका दमटपणा की ग्राइंडरला स्टॅटिक नाही, भुसा उडत नाही, बीन्सवर पाण्याचा फवारा मारायची गरजच नाही.) पाण्यावर संशय आला नाही असं नाही, पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं किती ते दाखवणारा) रोज १४० च्या आसपास दाखवायचा आणि मी निश्चिंत.

पाण्याची रेसिपी तीच आपली, आरओच्या जवळपास कोऱ्या पाण्यात खनिजं मोजून घालायची. लिटरभर आरओमध्ये २.४५ ग्राम एप्सम (मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आपलं "मॅग") ही एक बाटली, लिटरभर आरओमध्ये १.६८ ग्राम खायचा सोडा ही दुसरी, म्हणजे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १००० पीपीएमची (लिटरला १००० मिलिग्राम). मग ब्रू करायच्या पाण्यात लिटरला ८० ग्राम मॅग आणि ४० ग्राम सोडा. (एप्सम मागितल्यावर फार्मसीवाल्याने "पोट साफ होत नाही का" असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, ते दुःख वेगळं.) दोन्ही द्रावणं कोकम आगळाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत, वर मास्किंग टेपची लेबलं, ठेवलेली ओट्यामागच्या फळीवर. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

परवा सकाळी लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात पाणी बनवताना सोड्याच्या बाटलीतला एक थेंब बोटावर आला तो चाटला, आणि कडू! सोडा कडू कसा? आईला चाखायला दिलं तर तिने तोंड वाकडं केलं आणि मग सहज म्हणाली, "अरे ती लेबलं खाली पडली होती ना मागे, मीच चिकटवली. दोन्ही पाणीच दिसतंय, मला काय कळणार."

लगेच खात्री कुठे होते, म्हणून मावसभावाकडून त्याच्या फिशटँकचा केएच किट (पाण्यातलं बायकार्बोनेट मोजणारा) आणला. थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. "सोडा" लिहिलेल्या बाटलीतलं ५ मिली घेतलं, पहिल्याच थेंबाला पिवळं. म्हणजे केएच जवळपास शून्य. "मॅग" वालं दहापट पातळ करून घेतलं, निळं, निळं, निळं, निळं, निळं, आणि सहाव्या थेंबाला पिवळं. एका थेंबाला १७.९ पीपीएम धरा, दहापटीने हजाराच्या आसपास, बरोबर सोडा. म्हणजे जवळपास दीड महिना मी लिटरला ८० सोडा आणि ४० मॅग घालत होतो. बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारतं, केएच ४० च्या आसपास असावा असं एससीए (कॉफीवाल्यांची संघटना) सांगते, आणि मी दुप्पट घालून संत्र्याचा स्वाद शोधत होतो.

आणि तो मीटर! उलट पाणी १४०, काल सुलट बनवलं तेही १४० च्या जवळच. तो फक्त पाण्यातून वीज किती जाते ते बघतो, कशामुळे जाते ते त्याला काय घेणं. टीडीएस मीटर घ्यायचा विचार असेल तर ते पैसे केएच-जीएच (जीएच म्हणजे मॅग्नेशियम-कॅल्शियमचा कठीणपणा) किटमध्ये घाला, मी आता याच मताचा आहे.

काल सुलट पाणी, २४ क्लिक, ९४, दोन पंचेचाळीसला संपलं. गरम असताना साधारणच, म्हटलं झालं, बीन्स शिळे झाले. ओसरीवर पाऊस बघत बसलो, कप कोमट झाला आणि संत्रं आलं, मागून गूळ. पाच आठवडे जुने बीन्स आणि तरी!

पुढचा प्लॅन कॅल्शियम घालून बघायचा होता, पण हे लिहिता लिहिताच वाटलं, आरओचं एवढं पाणी वाया घालवण्यापेक्षा आमच्या विहिरीचं का नको? जांभ्यातलं पाणी, खनिजं कमीच असणार. आत्ता उठून टेस्ट करून आलो, दुसऱ्या थेंबाला पिवळं, म्हणजे केएच ३६ च्या आतच! मग सोडा जेमतेम चिमूटभर लागेल, बाकी नुसतं मॅग. पावसामुळे विहिरीचं पाणी जरा गढूळ आहे, फडक्यातून गाळून मग उकळून घेईन. जमलं तर चवथीला माणसं येतील तेव्हा पाच लिटरची कळशीच भरून ठेवतो, कॅल्शियम नंतर बघू.

सोड्याच्या बाटलीच्या झाकणाला बहिणीचं लाल नेलपॉलिश लावलंय. बीन्स उरलेत ६० ग्राम, म्हणजे चार कप, त्यातला एक आईने आत्ताच मागून ठेवलाय, दूध घालून.