मे महिना, जळगाव आणि फायनल फॅन्टसी टेन

जळगावात मे महिन्यात दुपारी बाहेर कोण पडतं भो, म्हणून परत फायनल फॅन्टसी टेन लावलाय. 2001 चा, प्लेस्टेशन टू वरचा गेम, पण फाईट अजूनही कडक. पुढची पाळी कोणाची ते उजवीकडे दिसत राहतं आणि आपण ठरवेपर्यंत समोरचा राक्षस गपचूप उभा, मधे उठून पाण्याची मोटर बंद करून या, काही फरक नाही. उडणारा राक्षस आला की आपल्या टीममधला वाका पुढे, कवचवाला आला की ऑरन, आणि माणूस बदलला तरी पाळी वाया जात नाही हे लय भारी. हिरो टायडसने हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा मंत्र, टाकला की आपली माणसं पाळीच्या यादीत वर सरकतात. फक्त ठराविक जागी असलेल्या सेव्ह स्फिअर नावाच्या गोळ्याशिवाय गेम सेव्ह होत नाही, कटसीन म्हणजे मधले गोष्टीचे व्हिडिओ स्किप होत नाहीत, आणि आमच्याकडे लाईट नेमकी बॉसच्या वेळीच जाते.