रेझिनच्या फिती आणि एक पेन

पेनासाठी ओतलेल्या रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या, ठोकळ्यात रंगीत फिती गुंफण्याचा माझा प्रयत्न आज तिसऱ्या खेपेला साधला, आणि त्याचा आनंद रात्र झाली तरी ओसरलेला नाही. मागच्या दोन्ही वेळी पूर्ण कडक झालेल्या गुळगुळीत फिती मी तशाच पारदर्शक इपॉक्सी रेझिनमध्ये बसवल्या होत्या. लेथवर, म्हणजे ठोकळा फिरवत कातण्याच्या यंत्रावर, पटाशी लागताच त्या सुटून आल्या. या वेळी निळ्या रेझिनचा २ मिलिमीटरचा थर ओतला, तो रबरासारखा लवचिक असतानाच त्याच्या पट्ट्या कापून त्यांना पीळ दिला आणि कडक झाल्यावर पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरवडून मगच साच्यात ठेवल्या. इपॉक्सी अगदी सावकाश ओतले, कारण पिळाखाली अडकलेला हवेचा बुडबुडा पुढे नेमका पृष्ठभागावर खड्डा होऊन उघडतो. पेनाचे भाग ज्यात बसतात ती ठोकळ्यातली पितळी नळी पारदर्शक भागातून दिसू नये म्हणून आधी पांढरी रंगवली. नळीसाठीचे छिद्र मात्र थांबत थांबत, कीस बाहेर काढत पाडावे लागले, कारण उष्णतेने रेझिन मऊ पडते. ओल्या घासकामानंतर फिती पाण्यात तरंगत असल्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा मी लेथ बंद करून बराच वेळ नुसता पाहत राहिलो. हे पेन आईसाठी आहे. ती घरखर्चाचा हिशेब अजूनही वहीतच लिहिते.