वर्डप्रेसमधल्या टर्म्सची यादी देणारा रेस्ट एंडपॉइंट

कॅटेगरी आणि टॅग, म्हणजे वर्डप्रेसच्या भाषेत टर्म्स, यांची यादी एखाद्या ॲपला जेसनमध्ये (प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात) हवी असेल तर त्यासाठीचा रेस्ट एंडपॉइंट, म्हणजे डेटा देणारा पत्ता, बनवायला लगेच कोड लिहायला बसू नका. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या गाभ्यातच ही सोय आहे. साइटच्या पत्त्यापुढे डब्ल्यूपी-जेसन/डब्ल्यूपी/व्ही२/कॅटेगरीज लावा, यादी येते. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.) एका वेळी १० टर्म्स मिळतात, पर_पेज वाढवून फार तर १००. _फील्ड्समध्ये आयडी, नेम, स्लग (यूआरएलमध्ये वापरायचं नाव), काउंट, पेरेंट एवढंच मागितलं की उत्तर हलकं होतं. स्वतःची टॅक्सॉनॉमी (कॅटेगरी किंवा टॅगसारखा टर्म्सचा प्रकार) दिसत नसेल तर ती नोंदवताना शो_इन_रेस्ट ट्रू करायचं राहिलेलं असतं. पुष्कळांचं काम इथेच भागतं.

स्वतःचा एंडपॉइंट लागतो तो दोन-तीन टॅक्सॉनॉमी एकाच कॉलमध्ये हव्या असतील, पालकाच्या पोटात मुलं अशी झाडासारखी रचना हवी असेल, किंवा मराठी वर्णक्रम हवा असेल तेव्हा. या शेवटच्या कारणाकडे फारसं कुणी बघत नाही, पण मराठी साइटवर खरी गरज त्याचीच असते.

रूट, म्हणजे एंडपॉइंटचा पत्ता, नोंदवणं सोपं आहे. रेस्ट_एपीआय_इनिट या हुकवर (वर्डप्रेस ठरावीक क्षणी तुमचा कोड चालवतं ती जागा) रजिस्टर_रेस्ट_रूट बोलवायचं. नेमस्पेस 'तुमचंनाव/व्ही१' अशा घडणीचं, म्हणजे उद्या रचना बदलली तरी जुनं ॲप मोडत नाही. परमिशन_कॉलबॅक, म्हणजे परवानगी तपासणारं फंक्शन, टाळू नका. ५.५ पासून ते नसेल तर इशारा येतो. यादी सगळ्यांसाठी खुली असेल तर तिथे __रिटर्न_ट्रू स्पष्ट लिहा.

टॅक्सॉनॉमीचं नाव यूआरएलमधून घेत असाल तर ते जसंच्या तसं गेट_टर्म्स या टर्म्स आणणाऱ्या फंक्शनला देऊ नका. वर्डप्रेस आपले मेनूसुद्धा नॅव्ह_मेनू नावाच्या टॅक्सॉनॉमीत ठेवतं, आणि गेट_टर्म्स कुणाची परवानगी तपासत नाही. अर्धवट तयार मेनूंची नावं जगाला दिसायला नको असतील तर गेट_टॅक्सॉनॉमीने मिळालेल्या ऑब्जेक्टवर पब्लिक आणि शो_इन_रेस्ट दोन्ही ट्रू आहेत का ते बघा. नसतील तर सरळ ४०४. नुसतं शो_इन_रेस्ट पुरत नाही, कारण ५.९ पासून नॅव्ह_मेनूलाही ते लागू आहे. आणि टॅक्सॉनॉमी इज_ॲडमिनच्या (विनंती डॅशबोर्डची आहे का, या) अटीत नोंदवलेली असेल तर डॅशबोर्डमध्ये सगळं ठीक दिसेल, रेस्टमध्ये मात्र 'इनव्हॅलिड टॅक्सॉनॉमी'. रेस्टच्या विनंतीत इज_ॲडमिन फॉल्सच असतं.

आर्ग्युमेंट्सकडे नीट लक्ष द्या. हाइड_एम्प्टीला टाइप बूलियन दिला नाही तर यूआरएलमधला 'फॉल्स' हा नुसता शब्द म्हणून येतो, आणि पीएचपीच्या लेखी रिकामा नसलेला शब्द म्हणजे ट्रू. दुसरी गोम याहून लपलेली. पर_पेजला टाइप इंटिजर, मिनिमम १, मॅक्सिमम १०० दिलं आणि वर सॅनिटाइझ_कॉलबॅक (आलेली किंमत साफ करणारं फंक्शन) म्हणून ॲबसिंट लावलं, की मिनिमम-मॅक्सिमम तपासणं बंद पडतं. ती तपासणी रेस्ट_पार्स_रिक्वेस्ट_आर्ग करतं, आणि तुमचा स्वतःचा सॅनिटाइझ_कॉलबॅक असला की ते मधून हटतं. मग कुणी पर_पेज=५०००० मागितले तरी मिळतात. एक तर ॲबसिंट काढा, नाहीतर व्हॅलिडेट_कॉलबॅकमध्ये रेस्ट_व्हॅलिडेट_रिक्वेस्ट_आर्ग लिहा.

एकूण आकडा चुकणं हेही नेहमीचं. गेट_टर्म्स मुळात रिकाम्या टर्म्स वगळतं, डब्ल्यूपी_काउंट_टर्म्स मात्र त्या धरून मोजतं. दोघांना एकच आर्ग्युमेंट्स द्या, मोजताना नंबर आणि ऑफसेट काढून टाका. तरीही एक-दोनचा फरक राहिला तर हायरार्किकल बघा: ते ट्रू असताना स्वतःची एकही पोस्ट नसलेला पालक मुलांच्या पोस्टमुळे यादीत टिकतो, मोजणीत गळतो. पानं पाडायची असतील तर दोन्हीकडे फॉल्स करा. आकडा एक्स-डब्ल्यूपी-टोटल आणि एक्स-डब्ल्यूपी-टोटलपेजेस याच हेडरमधून पाठवा. हीच नावं का, तर दुसऱ्या डोमेनवरच्या जावास्क्रिप्टला वाचता येतील अशा हेडरांत वर्डप्रेसने ती आधीच घातलेली आहेत.

आता स्लग. वर्डप्रेस देवनागरी स्लग पर्सेंट-एन्कोड करून डेटाबेसमध्ये ठेवतं. यूटीएफ-८ मध्ये एका देवनागरी चिन्हाचे ३ बाइट, एन्कोड केल्यावर प्रत्येक बाइटचे ३ कॅरेक्टर, म्हणजे एका चिन्हाला ९. स्लगची मर्यादा २००. हिशेब २२ चिन्हांवर संपतो, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'शिवकालीन किल्ल्यांचे स्थापत्य' घ्या. पहिला शब्द ८ चिन्हांचा, ७२ कॅरेक्टर. जोडरेघ १. 'किल्ल्यांचे' ११ चिन्हं, ९९. पुन्हा जोडरेघ. झाले १७३. उरलेल्या २७ मध्ये स, हलन्त आणि थ बसतात, आणि स्लग 'शिवकालीन-किल्ल्यांचे-स्थ' असा तुटतो. आता 'शिवकालीन किल्ल्यांचे स्थलवर्णन' असा टॅग केला तर त्याचाही स्लग हाच निघतो. म्हणून ॲपमध्ये टर्म ओळखायला आयडी वापरा, आणि लांब टर्मला हाताने आखूड स्लग द्या. उत्तरात स्लग यूआरएलडीकोड करून पाठवला तर वाचता येतो. रूटच्या रेजेक्समध्ये (पत्ता जुळवायच्या नमुन्यात) मात्र देवनागरी स्लग घेऊ नका: नेहमीच्या नमुन्यातलं \डब्ल्यू फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतं, मराठी आलं की रूटच सापडत नाही. क्वेरी पॅरामीटर म्हणून घ्या. गेट_टर्म्स तो पुन्हा एन्कोड करून शोधतं.

नावांचंही थोडं. 'कला & संस्कृती' यातलं & डेटाबेसमध्ये एचटीएमएल एंटिटी होऊन बसलेलं असतं, त्यामुळे एचटीएमएल_एंटिटी_डीकोड न करता पाठवलं तर ॲपच्या बटणावर & नंतर 'एएमपी' आणि अर्धविराम उमटतात. उलट, जेसनमध्ये देवनागरीऐवजी उलट्या रेघा आणि आकडे दिसले तर घाबरू नका. पार्सर ते बरोबर वाचतो.

क्रम नेमने मागितला तर तो डेटाबेसच्या कोलेशनप्रमाणे (अक्षरं क्रमाने लावायच्या नियमांप्रमाणे) लागतो. त्यात ळ हा ल च्या लगेच मागे, आणि क्ष हा क च्या पोटात. गावांचे टॅग मग कल्याण, कळवण, कवठे असे लागतात आणि 'क्षेत्र माहुली' खंडाळ्याच्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर, म्हणजे कल्याण, कवठे, कळवण. त्यासाठी पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनमधला कोलेटर 'एमआर_आयएन' लोकेल देऊन वापरा. पण आलेलं एकच पान लावून उपयोग नाही. सगळ्या टर्म्स आणायच्या, लावायच्या, मग ॲरे_स्लाइसने पान कापायचं. काही शे टर्म्सपर्यंत याने काही अडत नाही. स्वस्त होस्टिंगवर इंटल नसण्याची शक्यता असते, म्हणून क्लास_एक्झिस्ट्सने खात्री करून मगच वापरा.

ॲरे_फिल्टरने टर्म्स गाळल्या असतील तर शेवटी ॲरे_व्हॅल्यूज लावा. ॲरेच्या कीजमध्ये (क्रमांकांमध्ये) खाच पडली की जेसनमध्ये यादीऐवजी ऑब्जेक्ट जातो आणि समोरच्या जावास्क्रिप्टमधलं यादीवर फिरणारं मॅप तिथेच कोसळतं. झाडातल्या चिल्ड्रनलाही हाच नियम.

लावलेली यादी ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवली तर ती पुसायचे हुक नीट निवडा. क्रिएटेड_टर्म, एडिटेड_टर्म आणि डिलीट_टर्म हे तीन सगळे लावतात. नवी पोस्ट प्रसिद्ध झाली की टर्मचं काउंट बदलतं, पण यातला एकही हुक त्यासाठी चालत नाही. त्याला एडिटेड_टर्म_टॅक्सॉनॉमी हवा.