बोटांची नक्षी

बैरुतला ऑफिसच्या कामासाठी चार महिने होते, तेव्हा हॉटेलचा नाश्ता दुसऱ्याच आठवड्यात सोडला, कारण कोपऱ्यावरच फुर्न होता. फुर्न म्हणजे भट्टी, गल्लीतली छोटीशी बेकरी, सकाळी तिथे टॅक्सीवाले, शाळेची पोरं, टाय लावलेले साहेब सगळे एकाच रांगेत आणि बहुतेकांना एकच हवं असतं, मनूशे.

बाहेरचे लोक तिला लेबनीज पिझ्झा म्हणतात. अजिबात पटत नाही मला. ही तर आपल्या थालीपीठाच्या नात्यातली! फुगलेल्या कणकेचा गोळा चपटा करायचा, बोटांची टोकं दाबून खळगे पाडायचे, वर ऑलिव्ह तेलात कालवलेलं झातर फासायचं की भट्टीत. खळगे अशासाठी की तेल तिथेच मुरावं आणि पोळी टम्म फुगू नये. आजी थालीपीठाला भोकं पाडून तेल सोडायची, ते आठवलंच. आणि नाव कशावरून, तर अरबी 'नक्श'वरून, म्हणजे कोरणं. आपली नक्षी नि नकाशा त्याच घरातले, फक्त तिथले लोक बोलताना मधला 'क' गिळून टाकतात म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही :)

झातर म्हणजे तिथल्या डोंगरावरची एक पाला-वनस्पती, वासाला ओव्याच्या जवळची, त्यात तीळ, मीठ आणि सुमाक. सुमाकची लालसर पूड जिभेवर ठेवली तर आमसूलच आठवतं. पूर्वी बायका घरचं झातर वाटीत घेऊन फुर्नवर यायच्या, कणीक आणि जाळ तेवढा बेकरवाल्याचा. परीक्षेच्या सकाळी पोरांना मुद्दाम झातर खायला घालतात, डोकं चालतं म्हणे. (आपलं दही-साखर!) चीजवालीही मिळते, पण ती खाल्ली की अकरालाच झोप येते, त्यामुळे मी 'नुस-नुस' सांगायचे, अर्धी-अर्धी. साजवरची वेगळी, उपड्या कढईसारख्या तव्यावर, पातळ, खानदेशातले मांडे खापरावर टाकतात ना, तशी.

२०२३ मध्ये युनेस्कोने मनूशेला वारशाच्या यादीत घेतलं. पण कौतुक झालं त्याच काळात तिथल्या चलनाची, लिराची, पार माती झाली होती, वीसेक वर्षं डॉलरला १५०० च्या आसपास असलेला भाव पुढे ८९,५०० वर गेला, आणि गरिबाचा नाश्ता घ्यायलाही नोटांची थप्पी मोजायला लागायची. आमचा बेकरवाला मात्र कागदात गुंडाळताना रोज 'सहतैन' म्हणायचा, म्हणजे दुप्पट तब्येत लाभो.

टोमॅटो, काकडी, पुदिना घालून गुंडाळी करायची आणि चालता चालता खायची. धोका एकच, झातर दातात अडकतं. पहिल्या मीटिंगला मी तोंड मिटून बसले होते, मग समोरचे मॅनेजर हसले आणि त्यांचेही दात हिरवे.