बिटाचा हंगाम आणि आप्पांचा ऊस

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्या इथल्या रस्त्यांच्या कडेला ‘चिखल आहे, सावकाश चालवा’ अशा अर्थाच्या पाट्या उभ्या राहतात. नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येला, दिंतेलोर्दच्या साखर कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर मी राहते. पाट्या दिसल्या की समजायचं, बिटाचा हंगाम सुरू झाला. बीट भरलेले ट्रक शेतातून निघतात, चाकांबरोबर राखाडी चिखल रस्त्यावर येतो आणि वारा फिरला की कारखान्याचा गोडसर, मातकट वास थेट स्वयंपाकघरात येतो. पहिल्या वर्षी तो आला तेव्हा मी भांडी घासता घासता थांबले होते. वेदगंगेच्या काठी, निपाणी तालुक्यातल्या आमच्या गावात, हंगामभर हवेत असाच वास असतो. आमच्या मळीचा जास्त उग्र, पण ओळख पटण्याइतका सारखा.

इथे साखर बिटापासून होते हे गावाकडे सांगितलं की अजून कुणाला खरं वाटत नाही. आपल्याकडे लाल बीट कोशिंबिरीला. हे पांढरं, मोठ्या मुळ्यासारखं, वजनाला किलोभर. मार्च-एप्रिलमध्ये पेरतात आणि सप्टेंबरपासून काढतात. तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणारा खोडवा नाही, त्यानंतरचा निडवा नाही, तोडणाऱ्या मजुरांची टोळी नाही. एकटा माणूस यंत्रावर बसून दिवसात शेतं रिकामी करतो.

शेजारचे एक शेतकरी आजोबा मला गेल्या हंगामात बांधावर घेऊन गेले. बिटाचा लांबच लांब ढीग पडलेला, कारखान्याने दिलेल्या तारखेची वाट बघत. तारीख आधीच ठरलेली होती. आमच्याकडे उसाची तोड मिळवायला माझे वडील, आप्पा, चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, घरी किती हेलपाटे घालतात, टोळीच्या मुकादमाला ‘खुशाली’ आणि ट्रॅक्टरवाल्याला ‘एंट्री’ म्हणून वरचे पैसे किती द्यावे लागतात, आणि तोवर उसाला तुरा येऊन वजन कसं घटतं, हे मी त्यांना सांगत होते. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढून एक आकडा दाखवला. आधी गेलेल्या मालाचा नमुना कारखान्यात तपासला होता. माती किती, साखर किती टक्के, त्यातली काढता येण्याजोगी किती, सगळं त्यांच्या शेताच्या नावासमोर. साखर सतरा टक्क्यांच्या वर असेल तर दर वाढतो, खाली असेल तर कमी होतो.

“तुमच्या वडिलांच्या उसाची साखर किती?” त्यांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. रात्री घरी फोन लावला.

“आप्पा, आपल्या उसात साखर किती असती?”

“कारखान्याचा उतारा अकराच्या आसपास हाय की.” उतारा म्हणजे शंभर किलो उसामागे निघणारी साखर.

“कारखान्याचा न्हवं, आपल्या उसाचा.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, “ते कोण सांगतंय बाई. चाळीस वर्सं ऊस घालतोय, कुनी इचारलं बी न्हाई.”

इथेच मला अडकायला झालं, आणि हे लिहायचं कारणही तेच. आपली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि उतारा वाढला की त्यात थोडी भर पडते. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. आप्पा शेणखत घालतात, वेळेवर पाचट कुजवतात, ८६०३२ या जातीच्या उसाचं बेणं पारखून आणतात. त्यांच्या उसाची जास्तीची साखर सगळ्यांच्या उसाबरोबर एकाच चरकात जाते आणि तिचा हिशेब कुठेच उरत नाही. मग शेतकऱ्याच्या हाताला एकच गोष्ट राहते, वजन. म्हणून जो तो टनेजच्या मागे. युरिया वाढवा, पाणी वाढवा, टन वाढवा. जमिनी क्षारपड का व्हायला लागल्या, रानात मीठ कुठून फुटलं, याचं उत्तर बऱ्याच अंशी या मोजमापात आहे असं मला वाटतं. आणि ते उरलेलं वजनही काट्यावर नीट मिळेल याचा भरवसा नाही. एका वर्षी आप्पांनी गाडी आधी खासगी काट्यावर करून घेतली, तर कारखान्याच्या गेटवर ती दिवसभर बाजूला उभी करून ठेवली. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

इथल्या आजोबांचा कारखाना सहकारी आहे, १८९९ पासून बीट उत्पादकांच्या मालकीचा. आपलेही सहकारीच होते. कागदावर मालक आपणच. फरक शोधायला गेले तर तो गरिबी-श्रीमंतीत सापडला नाही, मालकाला स्वतःच्या मालाची मोजणी दिसते की नाही यात सापडला.

पण इथे सगळं गोड आहे असं समजू नका. आजोबांनी त्यांचीही गोष्ट सांगितली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडने जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध तक्रार केली, २००५ मध्ये ते जिंकले आणि २००६ च्या सुधारणेत युरोपने साखरेचा आधारभाव ३६ टक्क्यांनी खाली आणला. कितीतरी कारखाने बंद पडले. आज नेदरलँड्समध्ये बिटाचे दोनच उरलेत. ३० सप्टेंबर २०१७ ला युरोपचा साखर उत्पादनाचा कोटाही संपला आणि भाव पुन्हा कोसळले. त्यांच्या मुलाने त्या वर्षी बीट कमी करून कांदा लावला. १ ऑक्टोबर २०१९ ला नायट्रोजनच्या नियमांवरून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगवर गेले, त्यात हा मुलगा होता. मात्र २००६ मध्ये भाव पडला तेव्हा भरपाईचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात आले होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

ऐकता ऐकता मला आठवलं की ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने, या वेळी ग्वाटेमालाला बरोबर घेऊन, २०१९ मध्ये भारतावरही तक्रार केली होती. त्यात आपली एफआरपीसुद्धा होती. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल भारताविरुद्ध लागला. उसाला दिलेला आधार ठरलेल्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असं पॅनेलने म्हटलं. भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारी समितीच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, त्यामुळे प्रकरण तसंच लटकलंय. वेदगंगेच्या काठच्या बिलावरचा आकडा जिनिव्हात व्यापार संघटनेपुढे असा वादात असतो, आणि आमच्या पारावर त्याची कुणाला वार्ता नसते.

दिल्लीचे निर्णय तर त्याहून जवळून लागतात. २०२१-२२ ला देशाने शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर पाठवली. १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले आणि २०२३-२४ ला निर्यात जवळपास बंदच राहिली. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच थांबली, एफआरपी मात्र जवळजवळ दरवर्षी वाढतच गेली. शहरात साखर स्वस्त राहावी, हे बरोबरच आहे. पण त्या स्वस्ताईचा भार कारखाना बिल लांबवून शेतकऱ्यावर टाकतो. कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. ते व्याज आप्पांनी आजवर पाहिलेलं नाही.

सीमेवरच्या माणसाचं आणखी एक. आमचं बिल कर्नाटकात निघतं आणि डोळे महाराष्ट्रात जयसिंगपूरला भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेकडे असतात. नदीपलीकडे कागलला पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती जाहीर झाली यावर आमच्या गावचा हंगाम गरम की गार ते ठरतं. २०२५ च्या नोव्हेंबरात मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० मागत बसले, तेव्हा कानडी बोलणारे आणि मराठी बोलणारे दोन्ही एकाच मागणीने तापले होते. ३,३०० वर मिटलं. आप्पा तिकडे जाऊन आले. त्यांना १९८१ आठवलं असणार. निपाणीच्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींबरोबर हजारो शेतकरी हायवेवर बसले होते आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. आप्पा तेव्हा विशीत होते. आमच्या ज्या रानात आज ऊस आहे, तिथे तेव्हा तंबाखू होता. पीक बदललं, भाव विचारायला रस्त्यावर बसणं तेच राहिलं.

गूळ मी हेगमधल्या एका सुरिनामी हिंदुस्थानी दुकानातून आणते. दुकानदार मावशींचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून सुरिनामला गेले. तिकडे पहिलं जहाज ५ जून १८७३ ला लागलं, डच मळ्यांवर राबायला माणसं घेऊन, आणि त्या मळ्यांत उसाचेही होते. मावशी ढेप वजन करताना काटा नेहमी माझ्याकडे फिरवून धरतात.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा एक रिफ्रॅक्टोमीटर नेला. हातात मावणारी नळी, टोकाला काच. उसाच्या रसाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, आत ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचा आकडा दिसतो. हा उतारा नव्हे, पण ऊस किती पिकलाय ते कळतं. आप्पांनी खालच्या रानातला ऊस बुडाला, मधे आणि शेंड्याला टोचून तीन थेंब घेतले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. बुडाला एकवीस, मधे वीस, शेंड्याला सतरा.

“शेंडा अजून कच्चा हाय,” ते म्हणाले. “पंधरा दिस थांबला पायजे.”

मग नळी घेऊन तसेच शेजारच्या काकांच्या रानात गेले. परत आले तेव्हा खिशात चार घरांचे आकडे होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आईच्या दुधाच्या हिशेबाखाली, त्यांनी ते गट नंबरासकट लिहून ठेवले.